सात नंबरची खाट

खाडे, सावडायच्या दिवशी नदीवर चौघं बोलले. सरपंच बोलले, तुमच्या शाळेतले एक मित्र बोलले, सोसायटीचे कुणीतरी बोलले. शेवटी आपल्या माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष, सुभेदार साहेब, टोपी नीट करून पुढे आले. म्हणाले, "हवालदार खाडे म्हणजे शिस्त. नोकरीत एक चूक झाली त्यांच्याकडून, ती त्यांनी कधी लपवली नाही. ती एक सोडली तर माणूस सोन्यासारखा."

लोकांनी माना हलवल्या. मी बायकांच्या कडेला उभी होते, हात मागे बांधून, टाचा जुळवून, आपल्याला सवय लागली आहे तशी. चार पावलं पुढे यायचं होतं. मी आले नाही. मग दोन मिनिटं शांतता झाली आणि लोक चपला शोधायला लागले.

ऐन वेळी मी गप्प राहण्याची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन तुम्हाला माहीत आहेत.

त्याच दुपारी सुभेदार साहेबांनी मला गाठलं. "मॅडम, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा. तुम्ही इतकी वर्षं बरोबर काम केलंय. चांगलं चांगलं लिहा." मी बरं म्हणाले. हा तोच मजकूर आहे. दोन पानांत बसणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी एवढं सांगते, कारण पाटोद्यात सगळे मला नुसतं 'मॅडम' म्हणतात आणि का म्हणतात ते बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मी सैन्याच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसर होते. खाडे नर्सिंग असिस्टंट. हुद्द्याने माझ्याखाली, पण वॉर्डात माझ्यापेक्षा नऊ वर्षं जुने.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते सर्जिकल वॉर्डात, ट्रॉलीवरच्या किडनी ट्रे पुसताना. मी कॅप्टन होऊन नुकतीच त्या वॉर्डाची इनचार्ज म्हणून आले होते. तुम्ही कडक सलाम ठोकलात, हिंदीत वॉर्डाची माहिती दिलीत. माझी नावाची पट्टी वाचली आणि बाकीचे पांगल्यावर हळूच म्हणालात, "मॅडम कुठल्या म्हणायच्या?"

"बीड जिल्हा. पाटोदा."

तुमचा चेहराच बदलला. "आगं आई! म्या बी पाटोद्याचाच की! मंग सांगा, हितं दोन हजार मैलावर ज्वारीची भाकरी कुटं मिळती?"

मी म्हणाले, "हवालदार, ड्यूटीवर आहात." तुम्ही लगेच सावधान. "जी मॅडम." आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कुठून पैदा केलीत ते कधी सांगितलं नाहीत. मी भाकरी खाल्ल्या आणि फडकं धुऊन परत दिलं. चारचौघांत हिंदी आणि हुद्दा, एकटं असताना गावाकडची बोली, हा नियम तिथून पुढे आपोआप ठरून गेला.

आता ती सकाळ.

कमांडंट साहेबांचं इन्स्पेक्शन होतं. ज्यांनी फौजी दवाखाना पाहिला नाही त्यांना ते कळायचं नाही. आदल्या दिवसापासून वॉर्ड धुतला जातो, पितळ घासलं जातं, सगळ्या चादरींची घडी एका रेषेत येईपर्यंत दोरी धरून पाहिली जाते. आणि साहेब वॉर्डात शिरले की पेशंटसुद्धा सावधान होतात. उभं राहता येत नाही म्हणून झोपल्या झोपल्या. हात अंगाला चिकटवलेले, हनुवटी वर, नजर छताला. साहेब विचारतात, "कैसे हो, जवान?" उत्तर एकच असतं. ताप असो, टाके असोत, उत्तर एकच.

सात नंबरच्या खाटेवर पायाचं हाड मोडलेला एक पहाडी जवान होता. आदल्या संध्याकाळी गुडघ्याच्या वरपर्यंत प्लॅस्टर घातलेलं. सकाळी सात वाजता तुम्ही माझ्याजवळ आलात. मी त्या वेळी चादरी तपासत होते.

"मॅडम, सात नंबरची बोटं गार लागायलीत. हलव म्हणलं तर हलवता बी येईनात त्याला."

तुम्ही नेमकं बोलला होतात. गार बोटं, हलत नाहीत, प्लॅस्टर ताजं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही कळावं की आत सूज येते आहे, रक्त पोचत नाही, प्लॅस्टर आत्ताच्या आत्ता कापायला हवं. मी म्हणाले, "राऊंडनंतर बघू."

"मॅडम, पर..."

मी हात वर केला. तळहात तुमच्याकडे करून. एवढंच. तुम्ही थांबलात, मागे फिरलात आणि ट्रॉलीशेजारी आपल्या जागेवर जाऊन उभे राहिलात.

साहेब दहाला येणार होते, अकराला आले. सात नंबरपाशी थांबले. "कैसे हो, जवान?"

"ठीक हूँ, साब!" वॉर्ड दणाणला. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. तो मला दिसला. ट्रॉलीपासून तुम्ही माझ्याकडे पाहत होतात, तेही दिसलं. साहेब चादरींवर खूश झाले. मग ऑफिसात चहा. चहाला मी गेले, जावंच लागतं असं मला वाटत होतं. दीड वाजता वॉर्डात परत आले तेव्हा तुम्ही सर्जन साहेबांना फोन लावून बसला होतात, माझी परवानगी न घेता, आणि प्लॅस्टर कापायची करवत खाटेवर काढून ठेवली होती.

उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी त्याचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

चौकशी बसली. बाहेरच्या बाकावर आपण दोघं. आधी तुम्हाला बोलावलं. मी आत खरं तेच सांगायचं असं ठरवून आले होते. खरंच आले होते, खाडे, यावर तुम्ही नंतर कधी विश्वास ठेवलात की नाही मला माहीत नाही. दहा मिनिटांत तुम्ही बाहेर आलात. माझ्यापाशी बुटाची नाडी बांधायला वाकलात आणि खालच्या आवाजात म्हणालात, "म्या सांगितलंय, बोटं बघितली व्हती पर इन्स्पेक्शनच्या गडबडीत मॅडमला सांगायचं राहून गेलं. आता तुमी येगळं बोलू नका. दोघं बी खोटे पडू."

मी आत गेले. मला विचारलं, नर्सिंग असिस्टंटने आपल्याला कळवलं होतं का? मी म्हणाले, "आठवत नाही, सर."

तुम्हाला कडक ताकीद मिळाली आणि सर्व्हिस रेकॉर्डला लाल शाई लागली. लाल शाई लागली की पुढची बढती, नायब सुभेदारीचा तारा, लांब जातो. तुमच्यापर्यंत तो आलाच नाही. मला तोंडी समज मिळाली. दोन वर्षांनी मी मेजर झाले.

पुढे आपल्या बदल्या झाल्या. पंधरा वर्षं दिवाळीला एक फोन, तोही तुमचाच. नोकरी संपवून मी पाटोद्याला आले. भावाने घरामागच्या दोन खोल्या दिल्या. नातेवाईक पहिला महिना मला बघायला आले, 'मेजरबाई' म्हणाले, पेन्शन किती ते विचारलं आणि गेले. सहाव्या आठवड्यात तुम्ही सायकलवरून आलात. डोक्याला मफलर, हँडलला पिशवी. दारात टाचा जुळवून उभे.

"मॅडम, संघटनेची एक खोली रिकामी हाय बाजारात. बाजाराच्या दिवशी बीपी, शुगर, मलमपट्टी करता येईल. म्हातारे फौजी बीडापर्यंत जात न्हाईत, घरीच मरत्यात."

"मी रिटायर झालेय, खाडे."

"म्या बी. मंग काय आता दोघं रिटायर म्हणून बसून ऱ्हायचं?"

अशी ती खोली सुरू झाली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक स्टूल, पडदा. तुम्ही स्टूलावर बसायचात. खुर्चीवर बसा म्हणून मी किती वेळा सांगितलं. ताई म्हणा, मॅडम म्हणणं पुरे झालं, हेही सांगितलं. तुम्ही म्हणायचात, "मॅडम ते मॅडम. तुमाला ताई म्हणलं तर भाऊबीज घालावी लागंल तुमाला."

पहिल्याच महिन्यात एक म्हातारा शिपाई आला. सगळं ठीक, सगळं ठीक म्हणत होता. तुम्ही त्याच्या पायाकडे पाहत होतात. एकदम म्हणालात, "मॅडम, सात नंबर."

मी हातातलं सगळं ठेवलं. त्याचा जोडा काढला तर अंगठा काळा पडलेला.

त्यानंतर तो आपला रिवाज झाला. कुणी ठीक म्हणतंय आणि ठीक नाही असं तुम्हाला दिसलं की तुम्ही म्हणायचात, 'सात नंबर', आणि मी समोर कोणीही असो, थांबायचे. एकदा आमदारांचे कुणी पाहुणे खोली बघायला आले होते, फोटो चालले होते, तुम्ही मागून मोठ्याने 'सात नंबर' म्हणालात आणि मी पाहुण्यांना तसंच सोडून पडद्याआड गेले. सुभेदार साहेब त्या वेळी फार रागावले. आता त्यांना कारण कळेल.

ऊसतोडीला निघायच्या दिवसांतली ती बाई तुम्हाला आठवत असेलच. हाताला कोयता लागलेला, तुम्ही पट्टी करत होतात. बाहेर मुकादमाची जीप हॉर्न वाजवत होती. मी विचारलं, "बाई, आणखी काही त्रास?" ती म्हणाली, "न्हाई वो, बरी हाय." तुम्ही म्हणालात, "मॅडम, सात नंबर." मी बीपी घेतलं, ते बरं होतं. मी म्हणाले, जाऊ द्या तिला. तुम्ही स्टूलावरून उठलात. दारात आडवे उभे राहिलात. आणि माझ्यावर ओरडलात, पहिल्यांदा आणि शेवटचं. "म्या दुसऱ्यांदा सांगायलोय! सात नंबर!"

पोटात पाचव्या महिन्याचं होतं आणि दोन दिवस अंगावरून जात होतं. मुकादम आत येऊन बडबडला. तुम्ही त्याला म्हणालात, "तुज्या जीपला घाई आसंल तर जा बे मोकळी घिऊन." तिला आपण बीडला पोचवली. ती वाचली, पोर वाचलं. परत येताना आपण गाडीत शेजारी बसलो होतो. मग मी तो प्रश्न विचारला, जो चौकशीच्या बाकावर विचारायला हवा होता.

"खाडे, तुम्ही तेव्हा मला वाचवायला खोटं बोललात ना?"

"खोटं कुटं बोललो? एकदा सांगणं म्हंजे न सांगणंच, मॅडम. दुसऱ्यांदा सांगायला पायजे व्हतं. साहेबाच्या म्होरं, वरडून. म्या गप जागेवर जाऊन हुबा ऱ्हायलो. चूक माजीच."

"तुमची नव्हे. हात मी वर केला होता."

"तुमच्या आधीच्या तीन सिस्टरा तर ऐकून बी घेत नव्हत्या. तुमी निदान हात तरी वर केला." आणि हसलात.

मी चिडले. हसण्यावारी नेऊ नका म्हणाले. हा वाद आपण नंतर किती वेळा घातला, मोजला नाही. तुम्ही तुमची चूक सोडायला तयार नव्हतात आणि मला माझी तुमच्याकडून काढून घेता आली नाही. खरं सांगू? मी फार जोर लावलाही नाही. चार भिंतींत तुमच्याशी भांडायचं आणि बाहेर लोक 'खाडेंची चूक' म्हणाले की गप्प बसायचं, हे मला सोयीचं होतं.

तुम्ही त्या जवानाला दर वर्षी फोन करायचात. त्याचं गावी दुकान आहे, मुलगी शिकते आहे, हे मला तुमच्याकडूनच कळायचं. एकदा बोलता बोलता फोन माझ्यापुढे धरलात. "मॅडम हैं यहाँ, बात करो." मी हात वर केला. तळहात तुमच्याकडे करून. तुम्ही हाताकडे पाहिलंत, फोन परत कानाला लावलात आणि म्हणालात, "मॅडम को पेशंट है." माझं खोटं पुन्हा एकदा तुम्ही बोललात.

शेवटच्या बाजाराच्या दिवशी तुमच्या कपाळावर घाम होता. हवा गार होती. डावा दंड चोळत होतात. मी म्हणाले, "खाडे, तुम्ही सात नंबर तर नाही ना?"

"छ्या! पोतं उचाललं सकाळी. म्या कुटला सात नंबर, म्या तर स्टूलवाला."

मी बीपीची पट्टी हातात घेतली होती. तेवढ्यात रांगेतल्या आजी आत आल्या आणि तुम्ही त्यांना खुर्ची द्यायला उठलात. पट्टी मी त्यांच्या दंडाला बांधली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गोठ्यात बसलात ते उठला नाहीत. ईसीजी काढला असता तर काय दिसलं असतं हे मला नर्स म्हणून ठाऊक आहे. त्याची चर्चा मी कुणाशी करणार? ज्याच्याशी करता आली असती तोच गेला.

तुम्ही गेल्यापासून मला एक गोष्ट कळली, ती नोंदवून ठेवते. माझ्या ओळखीची माणसं तालुकाभर आहेत. पण 'किडनी ट्रे', 'राऊंड', 'साहेब आले' हे शब्द उच्चारले की ज्याच्या डोळ्यांपुढे तोच वॉर्ड उभा राहील असा माणूस एकच होता. आता ते सगळं मला एकटीलाच दिसतं. काल बाजार होता. खोली उघडली. स्टूल जागेवर होतं. एका फौजीने ठीक आहे म्हणून सांगितलं आणि मी सवयीने डावीकडे पाहिलं. मग स्वतःच उठून त्याचे जोडे काढले. पाय चांगले होते.

सावडण्यानंतर दोन दिवसांनी मी तुमच्या घरी गेले होते. गयाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. आदबीने, फिरवून सांगायला मला जमत नाही. सकाळी सात वाजता काय झालं, हात कसा वर केला, आत जाऊन काय म्हणाले, सगळं.

मला वाटलं होतं, तुम्ही घरी तरी सांगितलं असेल. बायकोला माणूस सांगतोच.

गयाबाई म्हणाल्या, "त्यांनी मला सांगितलं, इसरलो म्हणून. म्या वीस वर्सं बोलले त्यांना. शेजारच्या बाईला लोक सुभेदारीण म्हणायचे, मला हवालदारीण. म्या म्हणायचे, एक तोंड उघडलं आसतं तर त्या पोराचा पाय ऱ्हायला आसता, तुमचा तारा बी आला आसता. जेवताना म्हणायचे. पाव्हण्यांपुढं म्हणायचे. ते खाली मान घालून जेवायचे." मग माझ्याकडे पाहिलं. "तवा तुमी पाटोद्यातच व्हत्या ना, बाई? सात वर्सं?"

"हो."

"मंग आता कावून आलात?"

मी म्हणाले, "माफी मागायला."

"माजी मागून काय व्हणार? म्या ज्यांना बोलले ते गेले. मला ते बोलणं परत घेता येत न्हाई." त्यांनी पदराने तोंड पुसलं. आवाज चढला नव्हता. "नदीवर चारचौघांत त्यांची चूक म्हणले लोक. तुमी तितंच व्हत्या. चारचौघांत म्हणलेलं चारचौघांतच फिरवा. मला घरात यिऊन सांगू नका."

चहा विचारला नाही. बरोबर केलं.

मी उठले तेव्हा त्यांनी हाक मारली. कोनाड्यातून तुमच्या चष्म्याशेजारचा तो जुना फोन आणून माझ्या हातात दिला. "त्या पाय गेलेल्या पोराला अजून कुणी कळवलं न्हाई. मला हिंदी येत न्हाई."

तो फोन मी केला. काय बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही. फोन मी केला, हात वर केला नाही, एवढं तुम्हाला सांगते.

सुभेदार साहेब, हा मजकूर छापायचा तर पूर्ण छापा, नाहीतर परत द्या, मी तेराव्याला उभी राहून वाचेन. संघटनेला बाजारातल्या खोलीसाठी दुसरी कुणी बाई बघायची असेल तर किल्ली मी आणून देईन. त्याबद्दल माझी तक्रार असणार नाही.

आणि खाडे, तुमच्या हिशोबाने एकदा सांगणं म्हणजे न सांगणंच. गयाबाईंना सांगितलं ते एकदा झालं. हे दुसऱ्यांदा, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

हवालदार खाडेंनी मला सांगितलं होतं. सकाळी सात वाजता, राऊंडच्या चार तास आधी, सात नंबरच्या खाटेपाशी. नेमक्या शब्दांत सांगितलं होतं.

मी ऐकलं होतं.